इलेक्ट्रिक स्कूटरला ॲक्सेसरीज घेताना: आधी काय, नंतर काय आणि काय मुळीच नको

नवी इलेक्ट्रिक स्कूटर घरी येते त्याच दिवशी तिला सीट कव्हर, गार्ड, मॅट, ग्रिप, मोबाईल होल्डर सगळं लागलेलं असतं. महिन्याभराने त्याच गाडीच्या मागच्या चाकातली हवा उतरलेली असते, चार्जर खिडकीतून खाली सोडलेल्या पातळ वायरवर चालत असतो आणि गाडीसोबत आलेलं हेल्मेट सैल होतं म्हणून माळ्यावर पडलेलं असतं. आमच्या सोसायटीत एकामागून एक अशा गाड्या आल्या आणि बहुतेकांनी हेच केलं. पैसे सगळ्यांनी खर्च केले, पण क्रम उलटा. जे रोज वाचवतं ते शेवटी घेतलं, किंवा घेतलंच नाही.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा टप्पा तुम्हाला लागू नसेल तर सोडा, पण पुढचा आधी करू नका.

## १. डिलिव्हरीच्या आधी: कोटेशन ओळ न् ओळ वाचा

शोरूमच्या कोटेशनमध्ये गाडीची किंमत, आरटीओ, विमा हे सुटं सुटं दिसतं आणि शेवटी ‘ॲक्सेसरीज किट’ नावाची एकच ठोक रक्कम असते. ती रक्कम फोडून मागा. प्रत्येक वस्तूचं नाव आणि तिची किंमत वेगळ्या ओळीत. माझ्या वेळी किटमध्ये पाच वस्तू होत्या. यादी सुटी मागितल्यावर त्यातल्या तीन काढता आल्या. ‘किट घ्यावंच लागतं’ हे वाक्य तोंडीच ऐकवलं जातं. लेखी मागितलं की बोलणं बदलतं.

यादी हातात आली की या चार गोष्टी बघा.

चार्जर: तो गाडीच्या किमतीत धरला आहे का, हे स्पष्ट विचारा. २०२३ मध्ये चार्जरचे वेगळे पैसे घेतलेल्या काही कंपन्यांना ग्राहकांना ते परत करावे लागले होते.

हेल्मेट: नवी दुचाकी विकताना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकाचं हेल्मेट द्यायचं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये आहे. आपण मागत नाही म्हणून ते राहून जातं.

साडीगार्ड, मागच्याला धरायची मूठ आणि पाय ठेवायची जागा: नियम १२३ प्रमाणे या तिन्हीची सोय दुचाकीला असायलाच हवी. साडीगार्ड म्हणजे त्या नियमातलं, मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण. ही हौसेची ॲक्सेसरी नव्हे. तिचे वेगळे पैसे लावले असतील तर का लावले, ते विचारा.

विमा: पॉलिसी गाडीबरोबर आलेल्या वस्तूंपुरती असते. नंतर लावलेले दिवे, स्पीकर, ट्रॅकर अशी विजेवरची उपकरणं भरपाईत धरायची असतील तर ती पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात. त्याला आयएमटी २४ म्हणतात. दोन-अडीच हजारांच्या वस्तूसाठी हे करण्यात अर्थ नाही, पण ती वस्तू विम्यात नाही एवढं माहीत हवं.

तपासा: बिलावर प्रत्येक ॲक्सेसरीचा पार्ट नंबर आहे का? कंपनीची वस्तू म्हणून विकली आणि पार्ट नंबर नाही, तर ती बहुधा बाजारातूनच आणलेली आहे. पुढे वॉरंटीचा प्रश्न आला की तो नंबरच कामाला येतो.

## २. पहिले तीन आठवडे: तीनच गोष्टी घ्या, बाकीचं वहीत लिहा

पहिल्या दिवसापासून लागतात त्या तीनच: चार्जिंगची नीट जागा, अंगाला बसणारं हेल्मेट आणि हवा भरायचं साधन. बाकी काहीही घेऊ नका.

त्याऐवजी रोज गाडी लावल्यावर वहीत एक ओळ लिहा. आज काय अडलं? पिशवी कुठे ठेवायची कळेना, पावसात डिस्प्ले दिसेना, आईला बसताना पाय टेकवायला जागा मिळेना, पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं. तीन आठवड्यांनी ती यादी वाचा. तीनदा किंवा जास्त वेळा आलेली अडचण खरी. एकदाच आलेली सोडून द्या.

माझ्या यादीत मोबाईल होल्डर एकदाच आला होता, कारण रोजचा रस्ता मला पाठ आहे. शोरूममध्ये मात्र मी तो सगळ्यात आधी निवडला होता.

## ३. चार्जिंगची जागा: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

गाडीचा चार्जर रोज तीन-चार तास सलग चालतो. मिक्सर पाच मिनिटं चालतो, इस्त्री थांबून थांबून तापते. चार्जर मात्र थांबत नाही. त्यामुळे ज्या सैल सॉकेटवर इस्त्री वर्षानुवर्षं चालली, तेच सॉकेट इथे तापून वितळू शकतं.

हिशेब सोपा आहे. चार्जर ७५० वॅटचा असेल तर २३० व्होल्टवर तो साधारण सव्वातीन अँपिअर ओढतो. आकडा मोठा नाही, म्हणूनच लोक गाफील राहतात. प्रश्न येतो तो जोडांमध्ये: सैल पिन, जुना बोर्ड, मल्टिप्लग आणि पातळ वायर.

हे काम या क्रमाने करून घ्या.

(अ) चार्जरवरचं लेबल वाचा. किती वॅट, किती अँपिअर आणि प्लग ६ अँपिअरचा की १६ चा. मोठ्या पिनचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून कन्व्हर्टर पिन लावू नका.

(आ) वायरमनला बोलावून गाडीसाठी स्वतंत्र सॉकेट बसवा. १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच). आज चार्जर छोटा असला तरी वायर जाड टाका. उद्या मोठा चार्जर आला तर भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही.

(इ) अर्थिंग मोजून घ्या. वायरमनने मीटर लावून फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन्ही आकडे तुमच्यासमोर दाखवले पाहिजेत. पहिला घरातल्या व्होल्टेजच्या जवळ हवा, दुसरा अगदी थोडा. ‘बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे’ यावर विश्वास ठेवू नका. जुन्या इमारतींत तिसरं भोक बऱ्याचदा रिकामंच असतं.

(ई) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओल्या पार्किंगमध्ये कुणाला झटका बसला तर वीज तोडायचं काम हाच करतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली पाहिजे.

(उ) सॉकेट जमिनीपासून निदान कंबरेच्या उंचीवर आणि झाकणवाल्या बॉक्समध्ये घ्या. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये जुलैत पाणी किती चढतं, ते आधी वॉचमनला विचारा.

सोसायटीत राहत असाल तर वायरमनच्या आधी सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या: जागा कोणती, वायर कुठून येणार, वीज तुमच्या मीटरवरून की सबमीटर लावून. घरच्या चालू कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मुभा आहे. त्यासाठी वेगळं कनेक्शन घेणं सक्तीचं नाही. ३ युनिटची बॅटरी पूर्ण भरायला मीटरवर साडेतीन युनिटच्या आसपास पडतात. हा आकडा अर्जात लिहिला की सभेतली निम्मी भांडणं टळतात.

सावध: एक्स्टेन्शन बोर्ड वापरावाच लागला तर वायर गुंडाळलेली ठेवू नका, पूर्ण मोकळी करा. गुंडाळीच्या आत उष्णता कोंडते. रीळवाला बोर्ड असेल तर शेवटच्या वेढ्यापर्यंत वायर बाहेर काढा.

तपासा: नवीन जागेवर पहिल्यांदा चार्जिंग लावल्यावर अर्ध्या तासाने खाली जा. मेन बंद करा, प्लग काढा आणि पिनांजवळच्या प्लास्टिकला हाताची पालथी बाजू लावा. कोमट लागलं तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला, किंवा पिनेवर तपकिरी डाग दिसला, तर ते सॉकेट बदलेपर्यंत चार्जिंग बंद. आमच्या पार्किंगमध्ये एका सॉकेटचा फक्त उजवा कोपरा पिवळसर झाला होता. उघडून पाहिलं तर आतला स्क्रू अर्धा आटा सैल होता आणि वायरीचं आवरण पापडासारखं कडक झालेलं. बाहेरून दिसत होता तो पिवळेपणा तेवढाच.

## ४. हेल्मेट: गाडीच्या आधी डोक्याचं माप

१ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवणं, विकणं बेकायदा आहे. तरी रस्त्याकडेच्या टपरीवर नुसतं स्टिकर लावलेली हेल्मेटं राजरोस मिळतात. मार्कच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. ते नाव हेल्मेटवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. दुकानातच हे करा, मिनिटभर लागतं.

माप घेताना टेप भुवयांच्या वरून डोक्याभोवती फिरवा. ५८ सेंमी आलं तर ५८० मिमीचं हेल्मेट. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा बांधून, मागून हात घालून हेल्मेट पुढे ढकला. ते डोक्यावरून निघालं तर पडल्यावरही निघेल. मोठं माप ‘सैल, आरामशीर’ वाटतं म्हणून घेणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट याच दिवशी घ्या. नंतर घेऊ म्हटलं की राहतं. दोन्ही हेल्मेट डिक्कीत मावतात का, ते गाडी घेतानाच प्रत्यक्ष ठेवून बघा. मावत नसतील तर ‘हेल्मेट लॉक’ ही पहिली उपयोगी ॲक्सेसरी. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, पण तिच्यामुळे हेल्मेट रोज बरोबर येतं.

मूल असेल तर: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा सेफ्टी हार्नेस फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि मूल बरोबर असताना वेग ४० च्या वर न्यायचा नाही. हार्नेस ३० किलो वजन पेलणारा, वॉटरप्रूफ आणि लहानमोठा करता येणारा असला पाहिजे. फुटबोर्डवर पुढे लावायच्या लोखंडी किंवा प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्या मिळतात, त्या घेऊ नका. मूल हँडल आणि तुमच्या छातीच्या मध्ये बसतं. करकचून ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट डिस्प्लेवर आदळतं.

## ५. टायर: पंपावर जाणं थांबतं तिथे हवा विसरली जाते

पेट्रोल भरायला गेलं की शेजारी हवेचं मशीन दिसतं आणि आठवण होते. इलेक्ट्रिक गाडी पंपावर जातच नाही. मग हवा महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. ‘रेंज कमी झाली, बॅटरी गेली वाटतं’ म्हणून माझ्याकडे आलेल्यांना मी आधी टायरला गेज लावायला सांगतो. बऱ्याचदा गोष्ट तिथेच संपते.

म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायचा पंप, ही माझ्या मते या गाडीची सगळ्यात पैसे वसूल करणारी ॲक्सेसरी आहे. घेताना तीन गोष्टी बघा. त्यात स्वतःची बॅटरी हवी. कारच्या लायटर सॉकेटवर चालणारा घेऊ नका, तुमच्या गाडीला ते सॉकेट बहुधा नसतंच. ठरवलेल्या पीएसआयला (हवेच्या दाबाच्या आकड्याला) तो आपोआप थांबायला हवा. आणि नळी वाकवता येणारी, निदान एक वीत लांब हवी. स्कूटरचा व्हॉल्व्ह छोट्या चाकात, डिस्क आणि आऱ्यांच्या मध्ये असतो, तिथे आखूड ताठ नळी शिरत नाही.

वापरायची पद्धत:

सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना मोजा. चालवून आल्यावर आतली हवा गरम होऊन आकडा जास्त दाखवतो आणि टायरमध्ये हवा पुरेशी आहे असं वाटतं. पुढचा आणि मागचा आकडा बहुधा वेगळा असतो. तो मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर आहे, तोच धरा. ‘तीस-तीस भर’ हा अंदाज नको. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

याबरोबर ट्यूबलेस पंक्चर किट घ्या: कानस, सुईसारखं हत्यार, रबरी पट्ट्या, सोल्युशन. मागच्या चाकातच मोटर असलेल्या गाडीचं चाक काढायचं म्हणजे मोटरच्या केबल सोडाव्या लागतात आणि नेहमीचा पंक्चरवाला त्याला हात लावायला कचरतो, ते बरोबरच आहे. ट्यूबलेस पट्टी चाक न काढता बसते. पण घरी एकदा जुन्या टायरच्या तुकड्यावर पट्टी घालून बघा. कानस आत ढकलायला किती जोर लागतो, त्याचा अंदाज घाटात पहिल्यांदा घ्यायची वेळ येऊ नये.

सावध: टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर असेल तर पट्टी लावू नका. टायर बदलणं हाच उपाय.

## ६. विजेवर चालणाऱ्या वस्तू: रेंजची भीती नको, वायरीची हवी

जास्तीचा दिवा लावला की रेंज पडते, असा जवळपास सगळ्यांचा समज आहे. आकडे मांडून बघू. शहरात स्कूटर किलोमीटरला साधारण ३० वॉट-अवर खाते. २० वॅटचा दिवा तासभर लावला तर २० वॉट-अवर गेले, म्हणजे पाऊण किलोमीटरही नाही. मोबाईल चार्जिंगला १० वॅट धरले तर तासाला तीनशे-साडेतीनशे मीटर. त्याच तासात तुम्ही तीस किलोमीटर जाता. म्हणजे दिव्याने रेंज जात नाही. ती जाते कमी हवेने, वेगाने आणि वाऱ्याला आडव्या येणाऱ्या वस्तूंनी. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणून हायवेला मोठी उभी काच लावलेली गाडी चार्जिंग भराभर खाते.

खरा धोका वेगळा आहे. मोठ्या बॅटरीचं पन्नासच्या आसपासचं, काही गाड्यांत त्याहून जास्त व्होल्टेज खाली आणून दिवे, हॉर्न, डिस्प्ले यांना १२ व्होल्ट देणारा एक कन्व्हर्टर असतो. कंपनीने तो गाडीतल्या वस्तूंपुरताच ठेवलेला असतो. कोपऱ्यावरच्या दुकानात हेडलाइटची वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोड दिला की त्या कन्व्हर्टरवर ओझं येतं, आणि पावसाळ्यात त्या जोडात पाणी शिरतं. कधी नुसता फ्यूज जातो, कधी डिस्प्ले चालत्या गाडीत बंद पडतो. आणि कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटर वॉरंटीबद्दल हात वर करतं.

त्यामुळे क्रम असा ठेवा:

१) आधी विचारा, कंपनीने ती वस्तू याच मॉडेलसाठी विकली आहे का? असेल तर तीच घ्या, महाग असली तरी. ती गाडीतल्या तयार कपलरला (वायर जोडायच्या खाचेला) जोडली जाते, वायर कापावी लागत नाही.

२) नसेल, तर स्वतःच्या सेलवर चालणारा पर्याय आहे का? जीपीएस ट्रॅकरऐवजी डिक्कीत ठेवायचा छोटा टॅग, वायरवाल्या जास्तीच्या लाइटऐवजी हेल्मेटवर आणि मागच्या बॉक्सवर रिफ्लेक्टर पट्ट्या. गाडीला आवाज नाही. अंधारात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणं जास्त गरजेचं आहे.

३) दोन्ही नसेल, तर वहीतली यादी पुन्हा उघडा आणि ती वस्तू खरंच किती वेळा लागली ते बघा.

वायरवाल्या ट्रॅकरची आणखी एक अडचण आहे. काही स्कूटरमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते. ट्रॅकर गाडी बंद असतानाही त्यातून थोडी थोडी वीज घेत राहतो. दिवाळीला गावी दहा-बारा दिवस जाऊन आलात आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होईना, तर आधी इथेच बघा.

मोबाईल डिक्कीतल्या यूएसबीवर लावून झाकण बंद करणं उन्हाळ्यात टाळा. चार्जिंगची आणि उन्हाची, दोन्ही उष्णता त्या बंद जागेत साठते.

हॉर्न बदलायचा विचार असेल तर नियम ११९ आठवा. निरनिराळ्या सुरांत वाजणारे हॉर्न चालत नाहीत.

## ७. हँडलवरच्या वस्तू: शंभर रुपयांची ग्रिप आणि न परतणारी मूठ

हा टप्पा छोट्या वस्तूंचा आहे, पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

मूळ ग्रिपवर चढवायचं जाड फोमचं किंवा रबराचं कव्हर मिळतं. ते उजव्या मुठीवर चढवताना आत सरकतं आणि त्याची कड स्विचच्या डब्याला घासायला लागते. मग मूठ पिळून सोडली की ती पूर्ण मागे येत नाही, कणभर अडते. पेट्रोलच्या गाडीत असं झालं तर इंजिनाचा आवाज चढलेला ऐकू येतो आणि माणूस सावध होतो. इथे काहीच ऐकू येत नाही. सिग्नलला उभं असताना गाडी हळूच पुढे सरकते, तेव्हा कळतं.

शेजारच्या एका काकांच्या गाडीवर मी हे पाहिलं. मूठ सोडली की नेहमी ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन ती बसते. त्यांच्या गाडीला तो आवाज नव्हता. कव्हर ब्लेडने कापून काढलं आणि आवाज परत आला. हँडल पूर्ण डावीकडे वळवून बघितलं नसतं तर मलाही कळलं नसतं, कारण सरळ असताना मूठ नीट परतत होती.

तपासा, दर वेळी: हँडलवर काहीही नवीन लावलं की गाडी बंद ठेवून उजवी मूठ पिळून सोडा. हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. तिन्ही वेळा ती स्वतःहून, झटक्यात परत आली पाहिजे. मग दोन्ही ब्रेक दाबून सोडा. या गाड्यांत ब्रेकच्या दांडीजवळ मोटरची ताकद तोडणारा स्विच असतो. हँड गार्डचा क्लॅम्प दांडीला टेकला तर ब्रेक थोडा दाबलेलाच राहतो, मागचा दिवा पेटलेला राहतो आणि गाडी उचल घेत नाही. लोक मोटर बिघडली म्हणून सर्व्हिसला नेतात.

मोबाईल होल्डर घ्यायचाच असेल तर धक्का शोषणारा रबरी जोड असलेला घ्या. दुचाकीच्या सततच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. होल्डर लावल्यावर वेग आणि चार्जिंगचा आकडा झाकला जात नाही ना, हेही बसून बघा. उभं राहून बघू नका.

## ८. सामानाच्या आणि संरक्षणाच्या वस्तू: ड्रिल मशीन दिसलं की थांबा

फुटबोर्डच्या खाली किंवा सीटच्या खाली बॅटरी आहे, तिच्यापासून जाड केबल मोटरकडे आणि कंट्रोलरकडे (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याकडे) जातात. बऱ्याचदा त्या नारिंगी असतात. पेट्रोल स्कूटरला गार्ड बसवताना कारागीर जिथे सवयीने भोक पाडतो, तिथे आता काय आहे हे त्याला माहीत नसतं. म्हणून नियम एकच: कंपनीने दिलेल्या बोल्टच्या भोकांवर बसणारीच वस्तू घ्या. ‘एक छोटं भोक पाडावं लागेल’ म्हटलं की वस्तू परत.

टॉप बॉक्स: या गाडीचं वजन खाली असतं, म्हणून ती वळणावर बसल्यासारखी वाटते. मागे उंचावर भरलेला बॉक्स तेच बिघडवतो आणि पुढचं चाक हलकं करतो. प्लेटवर किती किलो चालेल ते लिहिलेलं असतं. हा आकडा बहुधा आपल्या अंदाजापेक्षा बराच कमी निघतो. रेनकोट, हेल्मेट, डबा यासाठी बॉक्स ठीक. किराण्याची दहा किलोची पिशवी फुटबोर्डवरच, हुकाला अडकवून.

गार्ड: बाजूचा गार्ड साइड स्टँडच्या मध्ये येत नाही ना, ते बघा. स्टँड पूर्ण वर गेला नाही तर त्याचा सेन्सर गाडी सुरूच होऊ देत नाही. चारी बाजूंनी गुंडाळलेले जड लोखंडी गार्ड मला पटत नाहीत. पार्किंगमधल्या ओरखड्यांसाठी एवढं वजन कायम वाहायचं नाही.

साइड स्टेप: एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आई-आजी घरात असतील तर ही खरोखर कामाची वस्तू. त्यांना दुकानात बरोबर न्या आणि बसवून बघा. घडी मिटल्यावर ती सैल लटकली तर वळणावर रस्त्याला घासते.

नंबर प्लेट: बॉक्स, बॅग, गार्ड काहीही लावलं तरी मागून दहा पावलांवर उभं राहून हिरवी प्लेट, मागचा दिवा आणि दोन्ही इंडिकेटर पूर्ण दिसले पाहिजेत.

## ९. पावसाळ्याचं सामान

बॅटरी आयपी६७ आहे म्हणजे ती मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली आहे. प्रेशर गनच्या फवाऱ्याची ती हमी नाही, आणि चार्जरला तर तोच दर्जा असेलच असं नाही. चार्जर उघड्यावर ठेवायचा नाही.

कव्हर घेताना हवा खेळणारं घ्या. जाड प्लास्टिकच्या आत दमट हवा अडकते आणि कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. कोकणात, घाटमाथ्यावर हे एका पावसाळ्यात होतं. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका, चार्जिंग चालू असताना तर नकोच.

सीट कव्हर स्पंजचं घेतलं तर ते दिवसभर पाणी धरून ठेवतं. साधं रेक्झिनचं घ्या आणि शिवण खालच्या बाजूला असेल असं बघा. फुटबोर्डची मॅट काठ असलेली नको, तिच्यात पाणी साचून चपला घसरतात.

## १०. मुळीच घ्यायच्या नाहीत अशा वस्तू

रेंज वाढवणारी दुसरी बॅटरी. बॅटरी, तिचा कंट्रोल आणि चार्जर हे एकत्र तपासून मंजूर झालेले असतात. २०२२ मधल्या आगींनंतर एआयएस १५६ हे बॅटरीचं मानक कडक केलं गेलं. बाहेरून जोडलेली बॅटरी या सगळ्याच्या बाहेर राहते.

वेग ‘अनलॉक’ करणारा कंट्रोलर. २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किमीच्या आतली गाडी असेल तर तुम्हाला नोंदणी आणि लायसन्सची सूट मिळालेली असते. वेग वाढवला की ती सूट संपते, आणि अपघात झाला तर तुम्ही विनानोंदणी, विनाविमा गाडी चालवत होता असा अर्थ होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. त्यासाठी कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

फास्ट चार्जरचे बाजारातले ॲडॅप्टर. एथर आणि विडा या कंपन्यांच्या गाड्यांचा कनेक्टर सारखा आहे, इतर बऱ्याच कंपन्यांचे वेगळे आहेत. गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, मग वीज सोडली जाते. नुसतं तोंड जुळवून काही होत नाही.

दुसऱ्या गाडीचा स्वस्त चार्जर. प्लग बसला तरी व्होल्टेज वेगळं असू शकतं.

## ११. सगळं लावून झाल्यावर

एका वेळी एकच वस्तू लावा आणि दोन दिवस चालवा, मग दुसरी. तीन वस्तू एकदम लावल्या आणि डिस्प्लेवर एरर आला तर कोणती काढायची ते कळत नाही. लावण्याआधी त्या जागेचा फोटो काढून ठेवा. कपलर कोणत्या बाजूने होता, क्लिप कुठे होती, हे सगळं त्यात राहतं.

मग मोकळ्या रस्त्यावर हळू एक फेरी मारा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, ब्रेक दाबा, खड्ड्यावरून एकदा न्या आणि खडखड कुठून येते ते ऐका. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे सैल बोल्ट इथे लगेच सापडतो. शंभर किलोमीटर झाले की टॉप बॉक्सची प्लेट, साइड स्टेप आणि होल्डर यांचे बोल्ट पुन्हा आवळा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मार्करने एक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या पट्टीवर. पुढच्या वेळी हवा तपासायला वाकलात की रेघ सरळ आहे का ते दिसेल.